अनुभव धागा: 'मला नक्की काय हवंय' हे वहीत शोधताना

रानजाई

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा निघाला आणि विषय पुन्हा डोक्यात घोळायला लागला. इथे नेमाने लिहिणारे बरेच आहेत, म्हणून हा धागा. आपापल्या पद्धती लिहा. किती वेळ, कोणते प्रश्न, कुठे अडतं, का अडतं.

सुरुवात मी करते. 'मला आयुष्यात काय हवंय?' असं थेट लिहून बसलं की उत्तरं ठरलेली येतात. स्वतःचं घर, मुलांचं भलं, मनःशांती, जग फिरणं. खोटी नसतात, पण कुणाच्याही वहीत खपतील अशी असतात. त्याऐवजी रोज रात्री चार ओळी: आज कुणी न सांगता काय केलं, कशात वेळ गेलेला कळला नाही, कुणाचा हेवा वाटला, काय पुढे ढकललं. पाच-सात मिनिटं पुरतात. रोजच्या रोज निष्कर्ष काढायचा नाही. महिनाअखेरीला एका बैठकीत सलग वाचायचं, विचार तेव्हा करायचा.

हेव्याची ओळ नीट लिहा. 'मैत्रिणीचा हेवा वाटला' एवढ्याने भागत नाही. तिच्या पगाराचा, ती चार वाजता घरी पोचते त्याचा, की तिचा नवरा न सांगता चहा ठेवतो त्याचा? तिसरं खरं असेल तर नोकरी बदलून काही होणार नाही.

मंजिरी_ठाणे

छान धागा! कुकर लावलाय, सविस्तर नंतर. तोवर एकच: 'पुढे काय ढकललं' ही ओळ सगळ्यात बोलकी. एकच गोष्ट महिनाभर ढकलली जात असेल तर शेजारी कारण लिहा: कंटाळा, भीती की खरंच नकोय. भीती असेल तर बहुतेक वेळा ती हवी असलेली गोष्ट असते.

शिरीष_क

वाणिज्य शाखेवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो. बहुतेक जण रोजकीर्द (रोजच्या नोंदी) लिहितात आणि खतावणी (त्याच नोंदी विषयवार खात्यांत उतरवणं) करतच नाहीत. मग वह्या साठतात, कळत काहीच नाही.

२०० पानी वही घ्या. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना आकडे टाका. हे टाळलं तर पुढचं सगळं फसतं. शेवटची ३० पानं खात्यांसाठी राखून ठेवा, एका खात्याला एक पान. दर रविवारी वीस मिनिटं आठवड्याच्या नोंदी वाचून तारीख, पान क्रमांक, चार-पाच शब्द आणि अधिक (आवडलं) किंवा उणे (नाही आवडलं) चिन्ह त्या-त्या खात्यात उतरवा. उदाहरणार्थ 'शिकवणे' खात्यात: १२ जून, पा. ४१, शेजारच्या मुलाला अपूर्णांक, अधिक.

खाती आधीच पाडून ठेवू नका, इथेच चुकतं. आधी 'करिअर', 'आरोग्य', 'नाती' अशी पानं केली की मन त्या साच्यात उत्तरं भरत बसतं. एखादी गोष्ट तिसऱ्यांदा दिसली की मगच तिला पान द्यायचं. मग 'उन्हात चालणे', 'दुसऱ्याची चूक निस्तरणे' अशी खरी खाती उघडतात. तीन महिन्यांनी कोणती पानं भरली आणि कशाचं पान उघडलंच नाही ते बघा. ज्याबद्दल आपण सगळ्यांशी बोलत असतो त्याचं पानच उघडलेलं नाही असं दिसलं, तर त्याचाही विचार करा.

सोनचाफा

@शिरीष_क, जबरदस्त. वाचनखूण साठवली.

मृण्मयी

माझ्याकडून समासाची पद्धत. पानाच्या डावीकडे दोन बोटं समास सोडायचा. आठवड्याने वाचताना जिथे जिथे इच्छा लिहिली असेल तिथे समासात एक अक्षर: ही इच्छा पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकली? आ म्हणजे आई, ब बाबा, स सासर, ऑ ऑफिस, मो मोबाईल (रील्स, स्टेटस, सगळं यात), आणि मी.

दुसऱ्याकडून आलेली इच्छा म्हणजे लगेच टाकाऊ असं नाही. आईकडून आलेली गाण्याची आवड पूर्ण आपली होऊ शकते. 'आ', 'ब' किंवा 'स' लागलेल्या ओळीखाली फक्त एवढंच विचारायचं: हे केलं आणि कुणालाच कळलं नाही, फोटो नाही, कौतुक नाही, तरी करणार का? उत्तर 'हो' आलं तर शेजारी 'मी' जोडायचं. 'मो'वाल्या ओळींना पंधरा दिवस थांबायचं. त्या आपोआप गळतात.

कोकणातला_पाऊस

अवांतर, पण कामाचं. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टात शाईचं पेन वापरू नये. कागद दमट होतो, अक्षर फुटतं, मागच्या पानावर उमटतं. साधं बॉलपेन बरं, त्याची शाई तेलकट असते, पाण्याने पसरत नाही. जेल पेनने लिहून लगेच वही मिटली तर समोरच्या पानावर डाग पडतो. वह्या लोखंडी कपाटात भिंतीला चिकटवून ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ऊन पडलं की पानं मोकळी करून वारा द्या. कसर लागली की वही खाते.

अनय

@कोकणातला_पाऊस +१. शाईच्याच पेनाने लिहायचं असेल तर ९० ते १०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) कागद घ्या, शाळेच्या साध्या वहीचा पातळ असतो. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट. पण पहिली वही महागाची घेऊ नका. चामडी पुठ्ठ्याच्या वहीत लोक सुंदर वाक्यं लिहायला लागतात, आणि हवंय ते चिडचिडीचं, किरकोळ, अर्धवट लिखाण.

चाफेकळी

समुपदेशनाच्या क्षेत्रात असल्याने थोडं लिहिते, मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर आणि सॅन्ड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग या विषयात पायाभूत मानतात. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायचं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं नव्हे, जास्त वाईट वाटलं होतं. हे माहीत नसलं की लोक दुसऱ्याच दिवशी वही बंद करतात. लिहिल्यावर अर्धा तास मोकळा ठेवा. झोपायच्या अगदी आधी जड विषय नको.

२००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ लॉरा किंग यांनी दुसरी रीत तपासली: सगळं मनासारखं घडलं तर पुढे आपण कसे असू, हे सलग चार दिवस २० मिनिटं. मन त्यात तितकं ढवळत नाही आणि लाभ होतो. ज्यांना भूतकाळ उकरायचा नाही त्यांनी इथून सुरुवात करावी.

धोक्याची खूण: तीन दिवस तीच तक्रार, त्याच शब्दांत. याला विचार करणं म्हणत नाहीत, उगाळणं म्हणतात. तेव्हा 'मी' सोडून स्वतःच्या नावाने लिहा, 'सुनीताला आज राग आला कारण...' असं. थोडं अंतर पडतं आणि कारणं दिसायला लागतात. तरीही झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

सोनचाफा

@चाफेकळी, नंबर लिहिलात ते फार चांगलं केलंत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

निशाचर

शिफ्टवाल्यांसाठी. प्रत्येक नोंदीच्या वर तीन गोष्टी: किती तास झोप, शेवटचं जेवण कधी, शिफ्ट कोणती. सलग नाइटच्या चौथ्या दिवशी 'सगळं सोडून गावी जायचंय' असं लिहिलं जातंच. तीच ओळ सुट्टीच्या तिसऱ्या दिवशीही आली तर तिला वजन. बायकांनी पाळीचा दिवसही टाकावा आणि तीन महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवून बघाव्यात. थकवा कुठला आणि इच्छा कुठली ते वेगळं होतं.

मंजिरी_ठाणे

आले परत. वरचं लॉरा किंगवालं घरगुती पद्धतीने करायचं तर 'पाच वर्षांनंतरचा मंगळवार' लिहा. रविवार नको, सुट्टी नको, सत्कार समारंभ नको. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तासातासाने. कुठल्या गावात जाग आली, खिडकीतून काय दिसतं, डबा कोण करतंय, कामाला किती वेळ प्रवास, दुपारी कुणाशी बोलणं झालं, घरभाडं किंवा हप्ता कुठून जातोय, आईवडील कुठे आहेत, संध्याकाळी सात ते नऊ काय.

फसतं ते पैशाच्या आणि स्वयंपाकाच्या जागी. लोक 'डोंगरात घर, शांत लिखाण' लिहितात आणि गॅस सिलिंडर कोण आणतं ते लिहीत नाहीत. तो तास भरला की स्वप्न बदलतं, किंवा पक्कं होतं. एक महिन्याने न बघता पुन्हा लिहा आणि दोन्ही मंगळवार शेजारी ठेवा. दोन्हीत सारखं आलं त्याला लाल रेघ.

वाटसरू

यात मॅरियन मिल्नर यांचं नाव यायलाच हवं. या ब्रिटिश बाई पुढे मनोविश्लेषक झाल्या, पण १९२६ पासून त्या नेमका हाच शोध डायरीत घेत होत्या, स्वतःला आनंद कशाने होतो याचा. १९३४ मध्ये जोआना फील्ड या टोपणनावाने तो छापला. आपल्याला हवं असं आपण म्हणतो ते आणि प्रत्यक्ष आनंद देणारे क्षण यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना नोंदींवरूनच दिसलं. रानजाईंच्या चार ओळी त्याच वाटेने जातात.

सोनचाफा

बाकी सगळं कळलं, पण एकत्र कुटुंबात वही ठेवायची कुठे? चार माणसं चार वेळा कपाट उघडतात.

मृण्मयी

सोनचाफा, अगदी समजू शकते गं. जड विषय सुट्या कागदावर लिहून फाडून टाक. लिहिण्याचा फायदा कागद जपण्यावर अवलंबून नसतो. वहीत फक्त खतावणीची ओळ जाऊ दे, 'शिकवणे, अधिक' वाचून कुणाला काही कळत नाही. नाहीतर फोनमधलं कुलूपवालं ॲप.

अनय

फोनवर लिहिणाऱ्यांनी एक करा. शोध घेताना 'इच्छा' टाकलं आणि नोंदीत 'ईच्छा' असेल तर ती नोंद सापडतेच असं नाही. बोलून टंकलेल्या मजकुरात असे घोळ फार. म्हणून नोंदीच्या शेवटी ठरलेला खुणेचा शब्द, #हेवा, #ढकललं, नेहमी त्याच स्पेलिंगमध्ये. आणि महिन्यातून एकदा फाइल ईमेलवर पाठवून ठेवा, फोन गेला की सगळं जातं.

शिरीष_क

इच्छा सापडली की पुढे काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून. लगेच राजीनामा नको. एक चाचणी ठरवायची: पंधरा दिवसांच्या आत, दोन तासांची, ५०० रुपयांच्या आतली. मातीकाम करावंसं वाटतंय तर एका सत्राला जा. जाण्याआधी वहीत लिहा, दहापैकी किती आवडेल. आल्यावर त्याच दिवशी, किती आवडलं आणि नेमकं काय: माती, शांतता, शिकवणारा की घरातून बाहेर पडणं. अंदाज आठ आणि प्रत्यक्ष चार आलं तरी लगेच काट मारू नका, दुसऱ्यांदा जा, पहिल्या वेळचा अवघडलेपणा जाऊ दे. दोनदा कमी आलं तर खातं बंद.

आजीची_वही

माझी नात दहावीला आहे, सायन्स की आर्ट्स यावरून घरात रोज वाद. तिला हे कसं सांगावं?

चाफेकळी

काकू, वही भेट द्या आणि ती वाचणार नाही असं सगळ्यांसमोर सांगा, घरच्यांकडूनही तसं कबूल करून घ्या. वाचली जाईल अशी शंका असली की मुलं आईबाबांना आवडेल ते लिहितात. प्रश्न एकच द्या: कोणत्या विषयाचा गृहपाठ तू कुणी सांगायच्या आधी उघडतेस? तीन आठवडे फक्त तारखा टाकू दे. विद्याशाखेचा विषय या काळात जेवताना काढू नका.

आजीची_वही

बरं. २०० पानी चालेल की १०० पानी?

शिरीष_क

१०० पानी द्या काकू. लवकर संपते, म्हणजे दुसरी मागायला तीच येईल. पानांना आकडे मात्र तिलाच टाकू द्या.