‘सगळेच घेतात, मग खुलं करा’ म्हणणाऱ्यांनो, चौथ्या आलेल्या मुलीचं काय?

लेन पाच:
परवा ‘रात्रीचा प्रेक्षक’ यांनी इथे लिहिलं की अमेरिकेचा बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्स याला औषधांच्या आरोपांवरून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमबाहेर (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीबाहेर) ठेवणं हा ढोंगीपणा आहे, त्या काळात सगळेच ताकद वाढवणारी औषधं घेत होते, त्यामुळे खेळातल्या या औषधांवरची बंदीच उठवा, ज्याला घ्यायचं तो घेईल. दोन दिवस गप्प बसले. आज राहवलं नाही.

मी आधी सणस मैदानावर, मग बालेवाडीला, अशी नऊ वर्षं ४०० मीटर धावले. राज्य स्पर्धेत एकदा चौथी आले. पुढच्या तिघींपैकी एकीचा आवाज वर्षभरात घोगरा झाला होता, खांदे मुलांसारखे. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं, बोललं कुणीच नाही. तिसरीपर्यंत पदक, क्रीडा आरक्षणातून नोकरीचा अर्ज. चौथीला घरी जायला स्वारगेटची बस.

‘ज्याला घ्यायचं तो घेईल’ हे वाक्य कधीच खरं होत नाही. बंदी उठली की ज्याला घ्यायचं नाही त्यालाही घ्यावं लागतं. पूर्व जर्मनीत शाळकरी खेळाडू मुलींना जीवनसत्त्व म्हणून स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या दिल्या. त्यांना कुणी विचारलं होतं? हायडी क्रीगर १९८६ची युरोपियन गोळाफेक विजेती. त्या गोळ्यांनी शरीराचं काय केलं ते तिने पुढे न्यायालयात सांगितलं.

आणि आपल्याकडे? २०२३मध्ये भारतात खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले, २१३मध्ये बंदी असलेलं औषध सापडलं. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणी पथक आल्याचं कळताच धावपटू पळाले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकटा मुलगा धावला. मला त्या एकट्याबद्दल बोलायचंय. तुम्ही बॉन्ड्सबद्दल बोलता.

रात्रीचा प्रेक्षक:
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण माझं म्हणणं तुम्ही अर्धंच वाचलंत. मी पाच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत, बॉन्ड्सच्या संघाच्या शहरात होतो, आता बाणेरला असलो तरी पहाटे उठून सामने बघतो. बेसबॉलमध्ये स्टेरॉइड नकोत असा आदेश १९९१मध्येच निघाला होता, पण २००३पर्यंत एकाही खेळाडूची तपासणी नाही, आणि शिक्षा २००४पासून. १९९४च्या खेळाडूंच्या संपाने मैदानं ओस पडली होती. १९९८मध्ये मॅग्वायर ७० आणि सोसा ६६ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारत होते, तेव्हा संघमालकांनी तिकिटं विकली आणि डोळे मिटून घेतले. मॅग्वायरच्या कप्प्यात अँड्रो या ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांची बाटली पत्रकारांनी पाहिली होती. काय झालं? काही नाही. त्याआधीच्या पिढ्या ‘ग्रीनी’ या उत्तेजक गोळ्या खाऊन खेळल्या, त्यांचे पुतळे उभे आहेत.

बॉन्ड्सचे ७६२ होमरन आहेत. तीन वेळा तर तो १९९३पर्यंतच सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तेव्हा शरीर काडीसारखं होतं. २०२२मध्ये त्याला ६६ टक्के मतं पडली, लागतात ७५. त्याच मतदानात डेव्हिड ऑर्टिझ आत गेला, ज्याचं नाव २००३च्या औषध चाचणीच्या संदर्भात वर्तमानपत्रात आलं होतं. एकाला हार, दुसऱ्याला दार बंद. याला न्याय म्हणायचं?

लाल माती:
बेसबॉल राहू द्या हो अमेरिकेत. आपला माणूस विसरलात का? नरसिंग यादव, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. १ ऑगस्ट २०१६ला नाडाने (आपल्याकडची उत्तेजक तपासणी संस्था) निर्दोष सोडलं, कुणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं हे मान्य केलं. मग आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी घातली. बारा वर्षं पहाटे चारला उठणाऱ्याचं आयुष्य एका रात्रीत संपवलं. आम्ही दूध, तूप, बदामाच्या थंडाईवर वाढलेली माणसं. तालमीत असलं काही चालत नाही.

लेन पाच:
दादा, नरसिंगच्या बाबतीत लवादाला भेसळीचा पुरावा पटला नाही. नियमच असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कठोर आहे, मलाही खुपतो. पृथ्वी शॉला खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालीनवरून आठ महिन्यांची बंदी आली. पण ‘तालमीत चालत नाही’ हे छातीठोक सांगू नका.

लाल माती:
तुम्ही कधी तालमीत राहिलात? मग बोलू नका. मी सहा वर्षं राहिलोय.

औषधवाला भवानी पेठ:
मी बोलतो. माझं तीस वर्षांचं मेडिकल आहे. तालीम, जिम, मैदान, तिन्हीकडची पोरं काउंटरवर येतात. मेफेन्टरमाइन मागतात. भूल देताना रक्तदाब खाली गेला तर वर आणायचं ते इंजेक्शन आहे, ऑपरेशन थिएटरमधलं. पोरांना ते धावण्याआधी हवं असतं. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की तोंडावर सांगतात, ‘काका, ऑनलाइन मिळतं’. आणि सगळ्यात जास्त मागणी कधी असते माहितीये? स्पर्धेच्या वेळी नाही. पोलीस भरतीच्या वेळी.

धायरीची थोरली:
काका, बरोबर बोललात. माझा धाकटा भाऊ. दोन भरत्या हुकल्या. १६०० मीटरला २० गुण, त्यात तो दोन्ही वेळा मागे पडला. एका अकादमीतल्या सरांनी ‘दम टिकतो’ म्हणून सुई दाखवली. तिसऱ्या वेळी मैदानात उतरला, तिसऱ्या फेरीत पडला. डॉक्टर म्हणाले हृदयावर ताण आलाय. अकादमीने फोन उचलणं बंद केलं. फीचे पैसे बाबांनी बैल विकून भरले होते.

रात्रीचा प्रेक्षक:
वाईट वाटलं. पण हा खेळाचा प्रश्न नाही, बेरोजगारीचा आहे. धागा भरकटतोय.

धायरीची थोरली:
तुम्हाला भरकटल्यासारखं वाटतं कारण तुमच्या घरात कुणी भरतीला गेलं नाही. ‘ज्याला घ्यायचं तो घेईल’ म्हणालात ना? माझ्या भावाने घेतलं. शेजारच्या पोरांनी घेतलं होतं म्हणून घेतलं. हाच तुमचा खुला बाजार.

लाल माती:
भरतीत लघवी तपासा, प्रत्येकाची. पैसे नाहीत म्हणतील. जत्रेतल्या कुस्त्यांना लाखोंची बक्षिसं लावायला पैसे असतात.

औषधवाला भवानी पेठ:
तालमीत चालत नाही म्हणाला होतात, पैलवान.

लाल माती:
आमच्या वेळी चालत नव्हतं. आताच्या दोन-चार पोरांचे दंड बघून मलाही शंका येते. एवढंच म्हणतो, पुढे नाही.

लेन पाच:
प्रेक्षक, बॉन्ड्सवर तुमचं एक मान्य करते. मालकांनी पैसा कमावला आणि शिक्षा फक्त खेळाडूंना झाली. बेसबॉलमधल्या औषधांवरच्या मिचेल चौकशी अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली, मालकांच्या खिशाला चाट लागली नाही. पण त्यावर उपाय म्हणून मालकांना धरा. सुई सगळ्यांना वाटू नका.

रात्रीचा प्रेक्षक:
‘बंदी उठवा’ हे वाक्य मागे घेतो. धायरीच्या ताईंचं वाचल्यावर ते तसं लिहायला नको होतं. ७६२ मात्र मी खोडू देणार नाही. ते चेंडू त्याने मारलेत, मी स्वतः पाहिलेत. हॉल ऑफ फेममध्ये घ्या आणि पाटीवर सगळं लिहा, कुठल्या वर्षांत काय आरोप होते तेसुद्धा.

लेन पाच:
पाटीवर लिहिणार असाल तर त्या वर्षांत न घेता खेळून संघाबाहेर राहिलेल्यांची नावंही लिहा. ती कुठे मिळतील सांगा, मग घेऊ आत.

औषधवाला भवानी पेठ:
ताई, भाऊ आता कसा आहे?

धायरीची थोरली:
चुलत्याच्या दुकानात बसतो. जिना चढला की थांबतो. भरतीची जाहिरात आली की आई पेपर आधी काढून ठेवते.