दफनभूमीतले हिरवेपण : आपापले अनुभव लिहावेत

रानजाई : गेल्या २७ सप्टेंबरला, राजा राममोहन रॉय यांच्या स्मृतिदिनी, ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल दफनभूमीत गेले होते. १८३३ साली या शहरात त्यांचे निधन झाले आणि दहा वर्षांनी त्यांचे अवशेष येथे आणून त्यांवर छत्री उभारली गेली, एवढे ठाऊक होते. चढावरचे ते रान मात्र अपेक्षित नव्हते. ४५ एकरांतल्या कित्येक कबरी झाडीत बुडाल्या आहेत, दगडी क्रूसांवर आयव्हीचे वेल चढले आहेत, आणि इतर फुले सरत आली असताना या वेलाला हिरवट-पिवळा मोहोर येऊन त्यावर मधमाश्यांची झुंबड उडाली होती.

तो गुणगुणाट ऐकताच मला शिवडी आठवली. आमच्या चाळीच्या मागच्या गॅलरीतून ख्रिस्ती दफनभूमीची झाडे दिसत. तिन्हीसांजेला आई “तिकडे पाहू नका” म्हणे आणि आम्ही हमखास पाहत असू. ही दफनभूमी १८६५ साली झाली आणि त्यापूर्वी तेथे वनस्पती-उद्यान होते, हे मला फार उशिरा समजले. मृतांच्या जागेला माणूस भीतीने का होईना हात लावत नाही, आणि त्याचा लाभ पिंगळ्यांना, मुंगसांना, वेलींना मिळतो, असे मला वाटते. चर्चचे आवार, कबरस्तान, लिंगायतांची रुद्रभूमी, कोठलाही अनुभव चालेल. भुतांसाठी मात्र वेगळा धागा काढावा.

सातभाई : आमच्या गावच्या कबरस्तानातील चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहत असे. त्यांच्या चिरक्या आवाजाने आजी दार लावून घेई, आजोबा मात्र शांतपणे म्हणत, “उंदीर खातो तो, माणसे नाही.” भाकरी करपते आहे, उरलेले रात्री लिहितो.

हिरवी_फांदी : रानजाईताई, भीतीचे म्हणणे मला अर्धेच पटते. आमच्याकडे दापोलीत वडीलधारे सांगत की कबरीवरचे ओले गवत उपटू नये, कारण ते हिरवे असेपर्यंत ईश्वराचे स्मरण करीत असते. वाळले की खुशाल काढावे. दफनानंतर ओली फांदी खोचण्याची रीत आहे, आणि सब्जा तर बहुतेक कबरींवर असतोच. श्रावणात त्याला तुरे आले की अब्बांच्या कबरीपाशी मधमाश्या इतक्या असतात की फातिहा पढताना हात जपून उचलावे लागतात. हे सारे भीतीपोटी नव्हे, श्रद्धेपोटी टिकले आहे.

कुपारी_वसईकर : मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वी आम्ही सर्व नातलग कोयते घेऊन दफनभूमीत जातो, पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत कापतो, कबर धुतो, झेंडू आणि मेणबत्त्या लावतो. दूरच्या पाहुण्याला ते गवत सुंदर वाटेल. माझ्या आजीची कबर दिसेनाशी होते, तेव्हा मला ते सुंदर वाटत नाही. निसर्ग पाहायचा असेल तर किल्ल्यातील जुन्या चर्चमध्ये जावे. १७३९ साली पोर्तुगीज गेले, छपरे केव्हाच गेली, आणि पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांचे वड-पिंपळ आता भिंती फोडत आहेत. फरशीतील पोर्तुगीज कबरींचे लेख वाचायचे तर पालापाचोळा बाजूला सारावा लागतो.

दगडफूल_इंग्लंडात : माझे नाव या धाग्यासाठीच असावे. येथील जुन्या कबरींवर पांढरे, राखाडी, केशरी डाग दिसतात. ते दगडफुलाचेच भाऊबंद, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत, आणि दगडावर सालच कोरलेले असल्याने अभ्यासकांना त्यांचे वय मोजण्यासाठी आयते पंचांग मिळते. ज्या भागात नैसर्गिक खडक उघडा पडलेला नाही, तेथे त्यांना चर्चच्या आवाराखेरीज दुसरा आसरा नसतो. म्हणून कुपारीदादा, गवत अवश्य कापावे, पण जुना दगड घासताना हात आखडता घ्यावा. आईला फोटो पाठवला, तर तिने गोड्या मसाल्यासाठी ते आणू नये अशी ताकीद दिली.

मलबारहिलकर : ही काटेकोरपणे दफनभूमी नव्हे, तरी सांगतो. डुंगरवाडीत आम्हा बिगरपारशांना प्रवेश नाही, परंतु आमच्या गच्चीवरून तिची झाडी दिसते. लहानपणी दोखम्यांवर, म्हणजे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या गोल मनोऱ्यांवर, गिधाडे घिरट्या घालत. पुढे ती दिसेनाशी झाली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, हे उघड झाल्यावर २००६ साली गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. रान राहिले, मोरही ओरडतात. ज्यांच्यावर तेथील अंत्यविधी अवलंबून होता, ते पक्षी तेवढे राहिले नाहीत.

सातभाई : वाचून भाकरीचे दुःख उरले नाही. कबरीशेजारच्या पांढऱ्या चाफ्याविषयी कोणीच कसे लिहिले नाही? तो इतका आपला वाटतो, पण मूळचा मध्य अमेरिकेकडचा. फुलात मध नसतो. रात्रीच्या वासाला भुलून पतंग येतात, फसतात आणि फुकटात परागीभवन करून जातात.

रानजाई : कुपारीदादा, आपले म्हणणे मान्य आहे. गॅलरीत उभ्या असलेल्या मुलीची आजी तेथे पुरलेली नव्हती, हे मी विसरले होते. हिरवी_फांदी यांचीही दुरुस्ती स्वीकारते.

नवीन_सभासद : महाबळेश्वरच्या जुन्या इंग्रजी कबरींजवळ कुंपणावर एक वेल दिसला. पाकळ्या उलट वळलेल्या, नागमोडी, खाली पिवळ्या आणि वर लाल. पानांची टोके आकड्यासारखी वळलेली होती. एक फूल घरी आणले आहे. नाव कोणी सांगेल का?

हिरवी_फांदी : कळलावी. कंद फार विषारी असतो, तेव्हा हात धुवावेत आणि फूल मुलांपासून दूर ठेवावे. घरात आणल्यास भांडणे लागतात, असा समज आहे.

नवीन_सभासद : हात धुतले. फूल फुलदाणीत आहे. सासूबाईंना नाव सांगितलेले नाही.