सायनसमध्ये बुरशीचा गोळा: कॅप्सूलवर भागेल की ऑपरेशनच?

तासगावकर
मावशी, वय ५८, जुना मधुमेह, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. उजवा गाल जड, घशात घाण वासाचा शेंबूड उतरतो, ताप नाही. सीटीत उजवा मॅक्सिलरी सायनस (गालाच्या हाडातली पोकळी) पूर्ण भरलेला, आत चुन्याच्या खड्यासारखे पांढरे ठिपके, हाड शाबूत. खाली ‘फंगल बॉलची शक्यता’ असं लिहिलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. घरात ‘काळी बुरशी’ म्हणून सगळे हादरलेत, आणि ओळखीतला एकजण म्हणतो, तीन महिने इट्राकोनाझोल ही बुरशीविरोधी कॅप्सूल घ्या, ऑपरेशन टळेल. ही काळी बुरशी आहे का? कॅप्सूलने जाईल का? आणि घराशेजारी हळदीची वखार आहे, त्याचा काही संबंध?

नाकाडोळ्यातला_डॉक्टर
रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘शाबूत’. सायनसच्या बुरशीत पहिला प्रश्न कुठली बुरशी हा नसतोच, ती ऊतीत शिरली आहे का हा असतो. फंगल बॉल म्हणजे पोकळीत साचलेला बुरशीच्या धाग्यांचा गोळा, बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस. तो अस्तराच्या आत जात नाही. काळी बुरशी म्हणजे म्युकर. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते आणि पुढची ऊती मरते. दोन्ही सायनसमध्ये होतात, साम्य तिथंच संपलं.

कॅप्सूल का चालत नाही? औषध रक्तातून जातं आणि गोळ्याच्या आत रक्तवाहिनीच नसते. तीन महिने खाल्ली तरी गोळा जागच्या जागी. उलट गोळा नीट निघाला आणि तपासणीत ऊतीत बुरशी दिसली नाही, तर नंतर बुरशीविरोधी औषध लागत नाही.

ऑपरेशन नाकातूनच, बाहेर टाका नाही. अनसिनेट नावाचं पातळ हाड काढायचं, सायनसचं नैसर्गिक तोंड रुंद करायचं, वाकड्या सक्शनने गोळा काढायचा आणि सलाइनने धुऊन घ्यायचं. निघतो तो ओल्या मातीसारखा, कधी हिरवट-काळा. रंग बघून ‘काळी बुरशी निघाली’ असं घरी सांगू नका. चूक होते ती पुढच्या-खालच्या कोपऱ्यात: सरळ दुर्बिणीला तो दिसत नाही, ७० अंशाची लागते. तिथं तुकडा राहिला तर गोळा पुन्हा धरतो.

वरच्या दाढेचं रूट कॅनल झालंय का ते विचारा. दाढेत भरलेला झिंक ऑक्साइडचा मसाला मुळातून सायनसमध्ये उतरला की फंगल बॉलला निमित्त मिळतं. हळदीचं म्हणाल तर बुरशीचे बीजाणू वखारीत असतात तसे उसाच्या पाचटात आणि आपल्या अंगणातही असतात. वखारीवर खापर फोडता येणार नाही.

काचपट्टी
लॅबच्या बाजूने. ऑपरेशनमध्ये काढलेलं दोन बाटल्यांत पाठवायला आधीच सांगून ठेवा. एक फॉर्मलिनमध्ये, हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तिथं). दुसरी निर्जंतुक सलाइनमध्ये, फॉर्मलिनचा थेंबही नको, सूक्ष्मजीवशास्त्राला. सगळं फॉर्मलिनमध्ये टाकलं की बुरशी मेली, कल्चर (लॅबमध्ये बुरशी उगवून बघणं) संपलं. हे फार वेळा होतं. म्युकरचा संशय असेल तर तुकडा कुटायचा नाही, बारीक कापायचा फक्त. म्युकरचे धागे पोकळ नळीसारखे, कुटले की फुटतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

केओएच हे द्रावण टाकून केलेली काचपट्टी त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. अ‍ॅस्परजिलसचे धागे बारीक, मध्ये पडदे, ४५ अंशांच्या आसपास फाटे. म्युकरचे रुंद, चुरगळलेल्या रिबिनीसारखे, पडदे जवळपास नाहीत, फाटे काटकोनात. नुसतं कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका, निरोगी नाकातूनही बुरशी उगवते. पॅथॉलॉजिस्टना एकच गोष्ट स्पष्ट लिहायला सांगा: अस्तरात, रक्तवाहिनीत, हाडात बुरशी शिरली आहे की नाही.

कऱ्हाडचा_पाहुणा
मध्येच विचारतो. भाचा, वय २२, दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप (अस्तराचे सुजलेले कोंब), रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅलर्जिक फंगल’. त्याला स्टेरॉइड सुरू केलंय. बुरशीला स्टेरॉइड देतात?

नाकाडोळ्यातला_डॉक्टर
हा तिसरा प्रकार, आणि इथं देतात. भांडण बुरशीशी कमी, तिच्या अ‍ॅलर्जीशी जास्त. सायनसमध्ये डिंकासारखा चिवट, तपकिरी चिकट स्राव साचतो, पॉलिप होतात, हाड दाबाने पातळ होतं आणि कधी डोळा पुढे येतो. १९९४ साली बेंट आणि कून यांनी पाच निकष मांडले: बुरशीची टाइप-१ अ‍ॅलर्जी, पॉलिप, सीटीवरचं ठरावीक चित्र, इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असलेला स्राव, ऊतीत बुरशी न शिरलेली, आणि त्या स्रावात बुरशी. आजही तेच तपासतात. एमआरआय एकट्याने वाचू नका. टी-२ चित्रात हा घट्ट स्राव इतका काळा दिसतो की भरलेला सायनस रिकामा वाटतो.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, साधारण किलोला अर्धा मिलिग्रॅम, नंतर हळूहळू कमी. पुढे महिनोन् महिने ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडने नाक धुणं. हे सोडलं की पॉलिप परत येतात. आणि तासगावकर, हे वाचून मावशींना स्टेरॉइड देऊ नका. मधुमेहात साखर चढते, आणि म्युकरला त्याहून काय हवं!

गोळीवाला_सांगली
इट्राकोनाझोलबद्दल, कारण ते फार सहज घेतलं जातं. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, ती विरघळायला आम्ल लागतं. सोबत पॅन्टोप्राझोल किंवा अँटासिड अशी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर निम्मं औषध वाया. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनबरोबर तर नाहीच, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असेल तर डॉक्टरांना सांगा. स्नायूंना इजा होते. हृदय कमजोर असेल तर टाळतात. ब्युडेसोनाइड आणि मिथाइलप्रेडनिसोलोन यांची रक्तातली पातळी ते वाढवतं, म्हणजे नाकातलं स्टेरॉइडही अंगभर लागू शकतं.

म्युकर असेल तर खेळ वेगळा. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे शिरेतून द्यायचं बुरशीविरोधी औषध, किलोला ५ मिलिग्रॅम रोज. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा कुप्या. फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाइनमध्ये मिसळलं की साका बसतो, म्हणून लाइनही आधी डेक्स्ट्रोजने धुवायची. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर बघायचं. मेलेली ऊती कापून काढणं सोबत हवंच. पुढे पोसाकोनाझोलच्या गोळ्या: पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज एकदा. व्होरिकोनाझोल अ‍ॅस्परजिलसवर उत्तम, म्युकरवर शून्य.

(तासगाव आहे म्हणून जाता जाता: द्राक्षावर फवारतात ती टेब्युकोनाझोल, हेक्झाकोनाझोल ही बुरशीनाशकं इट्राकोनाझोलच्याच अ‍ॅझोल घराण्यातली. शेतातल्या अशा फवारणीतून औषधाला न जुमानणारा अ‍ॅस्परजिलस तयार होतो, हे जगभर दिसलंय.)

तासगावकर
ऑपरेशन करायचं ठरलं. मधुमेहाच्या गोळ्यांचं काय? आणि नंतर नाक कसं धुवायचं?

नाकाडोळ्यातला_डॉक्टर
गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर उपाशीपोटी साखर ठीक असूनही रक्तात कीटोन साचतात. बदली म्हणून काय द्यायचं ते फिजिशियन ठरवतील. ऑपरेशनच्या सकाळी साखर १८० च्या आत हवी. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, आधी सांगा.

तोवर यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं: गाल बधिर होणं, डोळा सुजणं, दोन-दोन दिसणं, पापणी पडणं, टाळूवर किंवा नाकात काळा डाग, वरचे दात अचानक हलणं. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रालाच (योजनेचं काम बघणारा माणूस) विचारा.

सिस्टर_मिरज
नाक धुण्याचं मी सांगते, मावशींना वाचून दाखवा. सुरुवात सर्जन सांगतील त्या दिवशी. पाणी नळाचं, बोअरचं, फिल्टरचं कसंही असो, खळखळ उकळी आल्यावर पूर्ण मिनिटभर उकळायचं आणि झाकून कोमट करायचं. न उकळलेल्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो. २४० मिलिच्या बाटलीला आयोडीन नसलेलं बारीक मीठ चहाच्या अर्ध्या चमच्याला थोडं कमी, आणि चिमूटभर खायचा सोडा. धुण्याचा नाही! नुसतं पाणी झोंबतं, मीठ जास्त झालं तरी झोंबतं.

बेसिनवर वाकून, तोंड उघडं, ‘क... क...’ म्हणत हळू दाबायचं. ‘क’ म्हणताना टाळू वर उचलली जाते, पाणी घशात उतरत नाही. कान दडे बसतायत असं वाटलं तर दाब कमी करा. नंतर नाक जोरात शिंकरायचं नाही. तासाभराने देवापुढे वाकल्यावर नाकातून पाणी ओघळलं तर ते सायनसमधलं राहिलेलं पाणी आहे, घाबरू नका. बाटली रोज साबणाने धुऊन उपडी ठेवा. ओली ठेवली तर तीच बुरशीचं घर.

तासगावकर
वरच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, उजवीकडेच. दंतवैद्याकडे आधी जायचं की नंतर?

नाकाडोळ्यातला_डॉक्टर
आधी. सीटीची सीडी घेऊन जा, दाढेच्या मुळाशी मसाला किंवा पू दिसतोय का ते बघून घ्या. दाढ काढायची असेल तर दोघांनी बोलून एकाच वेळी करता येते.