बाळाचा बाप्तिस्मा की अर्पण? आमच्या फॅमिली ग्रुपवरची एक रात्र

आमच्या फॅमिली ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंग, रोजचं वचन आणि कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन, एवढंच चालतं. सॅमदादाच्या मुलीवरून जी चर्चा झाली ती मात्र जपून ठेवावी अशी वाटली. सगळ्यांना विचारून इथे देतेय. नावं बदलली आहेत, गुडघे गाळले आहेत. (बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत येण्याचा पाण्याचा विधी, मंडळी म्हणजे चर्चचे लोक, आणि ओवी म्हणजे बायबलमधलं क्रमांकाचं वचन.)

सॅम: प्रेज द लॉर्ड. पुढच्या रविवारी आमच्या फेलोशिपमध्ये बाळाचं अर्पण आहे. नंतर जेवण. सगळ्यांनी यायचंय.

सुधाकर काका: सलाम. अर्पण ठीक. बाप्तिस्मा कधी?

सॅम: काका, तो ती मोठी झाल्यावर स्वतः घेईल. आत्ता फक्त प्रभूच्या हाती सोपवायचं, पास्टर प्रार्थना करतील.

सुधाकर काका: आपल्या घरात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. तुझा झाला, तुझ्या बापाचा झाला. नगरची मंडळी आहे आपली, काल उगवलेली नाही.

सॅम: मार्क 16:16 वाचा ना. जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल. आधी विश्वास, मग पाणी. तीन महिन्यांचं बाळ विश्वास कसा धरणार?

सुधाकर काका: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. लुदियाचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा. त्याच अध्यायात तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा, रातोरात, सगळ्या घरच्यांसह. पहिले करिंथ 1:16, स्तेफनाच्या घरच्यांचा. घर म्हटलं की लेकरं आलीच.

सॅम: लेकरं होती असं कुठे लिहिलंय? लुदियाच्या नवऱ्याचाही उल्लेख नाही. आणि 16:32 बघा, घरातल्या सगळ्यांना वचन सांगितलं. वचन ऐकण्याएवढी मोठी होती ती माणसं.

सुधाकर काका: लेकरं नव्हती असं तरी कुठे लिहिलंय?

रूथ आत्या: दोघांनी मिळून एकदाचं बोट बरोबर ठिकाणी ठेवलंत. नव्या करारात एकाही तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याची गोष्ट नाही. विश्वासणाऱ्या आईबापांचं मूल मोठं होऊन बाप्तिस्मा घेतंय, अशीही एक गोष्ट नाही. जे लिहिलेलं नाही त्याचं काय करायचं, यावर हे सगळं भांडण आहे. दादा म्हणतो, मनाई नाही म्हणजे चालतं. सॅम म्हणतो, आज्ञा नाही म्हणजे चालत नाही.

(आत्या सुधाकर काकांची बहीण, त्यांना ती दादा म्हणते. निवृत्त शिक्षिका. धर्मशास्त्राची पदवी तिने नोकरी सांभाळून घेतली. ग्रुपवर ती महिन्यातून एकदा बोलते, तेव्हा बाकीचे चहा ठेवतात.)

सुधाकर काका: मनाई नाही एवढंच नाही रूथ. पाया आहे. उत्पत्ती 17, आठव्या दिवशी सुंता. बाळाला कुणी विचारलं होतं का विश्वास आहे का म्हणून? कलस्सैकरांस 2:11-12 मध्ये पौल सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी ठेवतो. करार घराण्याशी होतो.

सॅम: सुंता फक्त मुलग्यांची होती काका. आमची मुलगी आहे.

मी: पॉइंट आहे.

सुधाकर काका: पॉइंट माझ्याच बाजूचा आहे. नव्या करारात मुलीही आत आल्या, परराष्ट्रीयही आले. दार मोठं झालं. मग जी लेकरं जुन्या करारात आत होती, ती नव्यात बाहेर कशी? पेत्र पेन्टेकॉस्टच्या दिवशी काय म्हणाला? हे वचन तुम्हांला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. प्रेषितांची कृत्ये 2:39.

सॅम: पूर्ण वाचा. ज्यांना प्रभू बोलावील तितक्यांना. आणि दोनच ओव्या पुढे, ज्यांनी संदेश स्वीकारला त्यांचा बाप्तिस्मा झाला. यिर्मया 31 मध्ये नवा करार कसा असेल तेही आहे, लहानथोर सगळे मला ओळखतील. ओळख असल्याशिवाय करार नाही.

आजी (वंदनाच्या फोनवरून): मला एवढं कळत नाही. उद्या लेकराला काही झालं तर? पाणी लागलेलं नसलं तर?

रेमंड भावोजी: आजी, मी कॅथलिक असून सांगतो, याची भीती धरू नका. आमच्या वसईत बाळ झालं की पहिली धावपळ चर्चमधल्या तारखेची असते, त्यामागे ही भीती होतीच. पण 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशशास्त्र आयोगाने यावर मोठा लेख काढला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात आहे. म्हणून बाप्तिस्मा लांबवावा असं मात्र नाही.

आजी: देव बरं करो रेमंडराव.

रेमंड भावोजी: बाकी हे भांडण तुम्हा प्रोटेस्टंटांचं. आम्ही शास्त्र आणि परंपरा दोन्ही धरतो, 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ते पुन्हा सांगितलं. ओवी नसली तरी मंडळीने काय केलं ते आम्ही बघतो.

सॅम: भावोजी, मंडळीने सुरुवातीला काय केलं ते तरी कुठे एकमुखी आहे?

रूथ आत्या: नाहीच. साधारण 200 साली कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो की लेकरांची घाई कशाला, त्यांना मोठं होऊ द्या, ख्रिस्ताला ओळखू द्या. यावरून दोन गोष्टी कळतात. त्याला बाळांचा बाप्तिस्मा पसंत नव्हता, आणि त्याच्या आसपास तो होत होता. नसता तर विरोध कशाला केला असता? त्याच शतकात ओरिगेन नावाचा दुसरा ख्रिस्ती लेखक म्हणतो की ही रीत प्रेषितांपासून आली आहे. 253 च्या सुमारास तर एका बिशपने विचारलं, सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का? कार्थेजला 66 बिशप जमले आणि म्हणाले, तेवढंही थांबू नका.

सुधाकर काका: झालं तर मग.

रूथ आत्या: कुठे झालं? पुढच्या शतकात ख्रिस्ती घरांतच बाप्तिस्मा लांबवायची रीत पडली. पुढे मोठा धर्मपंडित झालेला ऑगस्टीन घे. आई मोनिका पक्की विश्वासणारी, तरी याचा बाप्तिस्मा 387 साली, वयाच्या 32 व्या वर्षी. आणि पुढे याच माणसाने जन्मजात पापाची शिकवण मांडून बाळांच्या बाप्तिस्म्याची बाजू अशी लावून धरली की पुढची हजार वर्षं पश्चिमेत फारसं कुणी विचारलंच नाही.

आणि सॅम, तुझा मार्क 16:16. कोडेक्स सिनायटिकस आणि व्हॅटिकानस ही बायबलची चौथ्या शतकातली हस्तलिखितं आहेत. दोन्हींत मार्क 16:8 ला संपतो. तुझी ओवी पुढच्या भागातली आहे.

सॅम: म्हणजे माझ्या बायबलमधली ओवी खोटी?

रूथ आत्या: खोटी कोण म्हणतंय? दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनियस नावाच्या बिशपने त्याच भागातली एक ओवी उद्धृत केली आहे, म्हणजे तो भाग जुनाच. पण सगळा भार त्या एका ओवीवर टाकू नकोस. तिचा दुसरा अर्धाही बघ. विश्वास न धरणाऱ्याला दोषी म्हटलंय, बाप्तिस्मा न घेतलेल्याला नाही.

दादाचीही सुटका नाही. पहिले करिंथ 7:14 तू अजून काढलं नाहीस, पण काढशील. विश्वासणाऱ्याची लेकरं पवित्र आहेत, म्हणून त्यांना पाणी द्या, असा अर्थ आपल्याकडे लावतात. त्याच ओवीत विश्वास न ठेवणारा नवराही बायकोमुळे पवित्र झालाय. त्याला कुणी धरून बाप्तिस्मा देत नाही.

सुधाकर काका: काढणारच होतो.

मी: हाहा

आजी: डोक्यावर तीनदा पाणी ओतलेलं चालतं की नाही तेवढं सांग. सॅमचा पास्टर म्हणतो बुडवायलाच हवं.

रूथ आत्या: आई, दिदाखे म्हणून एक फार जुनी शिकवण आहे, पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची धरतात. तिची प्रत 1873 साली कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात आहे, वाहत्या पाण्यात द्या. नसेल तर दुसऱ्या पाण्यात. तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आणि घेणाऱ्याने आधी एकदोन दिवस उपास करावा.

सॅम: उपास! आत्या, बाळ उपास कसा करेल?

रूथ आत्या: हो रे बाबा, तुझ्या बाजूचं आहे ते. मला काय दोन्ही बाजूंचं लिहायला पेन्शन मिळतेच.

आकाश (स्वित्झर्लंडहून): उशिरा वाचतोय. झुरिकला लिमात नदीच्या काठावर एक दगडी पाटी आहे, ती मी पाहिली आहे. याच भांडणात फेलिक्स मान्झला 5 जानेवारी 1527 ला नदीत बुडवून मारलं. पाटीवर त्याच्यासह बुडवलेले सहा जण आहेत. 2004 मध्ये तिथल्या रिफॉर्म्ड चर्चने माफी मागितली, तेव्हा ती बसवली.

सुधाकर काका: कॅथलिकांनी मारलं?

रेमंड भावोजी: काका!

आकाश: नाही हो. प्रोटेस्टंट नगर परिषदेने. झ्विंग्ली हा प्रोटेस्टंट सुधारक तिथे उपदेश करायचा, मान्झ आणि त्याचा साथी ग्रेबेल त्याच्याच पुढ्यात शास्त्र शिकलेले. झ्विंग्लीने शिकवलं की पोपचं नको, शास्त्रात आहे तेवढंच धरा. या पोरांनी ते मनावर घेतलं, म्हणाले, मग बाळांचा बाप्तिस्मा दाखवा शास्त्रात. 21 जानेवारी 1525 ला त्यांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. सुरुवातीला झ्विंग्लीलाही बाळांच्या बाप्तिस्म्याबद्दल शंका होती म्हणतात. पुढे त्याने हाच कराराचा मुद्दा मांडला, काका, तुमचा. सुंता आणि सगळं.

रूथ आत्या: म्हणूनच 'फक्त शास्त्र' म्हटल्याने भांडण मिटतं यावर माझा विश्वास नाही. दोघांच्या हातात तेच पुस्तक होतं. 1958 मध्ये येरेमियास नावाच्या जर्मन अभ्यासकाने बाळांचा बाप्तिस्मा सुरुवातीपासून होता असं पुस्तक लिहिलं. 1961 मध्ये कुर्ट आलांडने उत्तर दिलं, दुसऱ्या शतकाच्या अखेरीआधी पुरावाच नाही. गंमत अशी की आलांड स्वतः लूथरन, बाळांना बाप्तिस्मा द्यावा याच मताचा. पुरावा नाही हे कबूल करूनही रीत योग्य म्हणणारा माणूस मला आवडतो.

आणि दादा, नगरचं सांगतोस तर हेही ऐक. 1812 साली अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेने पाच मिशनरी दोन जहाजांनी हिंदुस्थानात पाठवले. एका जहाजावर जडसन होता. सेरामपूरला केरीची, म्हणजे मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाच्या मिशनरीची, गाठ पडणार, वाद होणार, म्हणून वाटेत तो बाळांच्या बाप्तिस्म्याच्या समर्थनार्थ शास्त्र धुंडाळत बसला. धुंडाळता धुंडाळता मतच बदललं. कलकत्त्याला उतरून सप्टेंबरमध्ये बुडून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ब्रह्मदेशात गेला. दुसऱ्या जहाजावर हॉल, नॉट आणि राईस. राईसनेही नोव्हेंबरात तेच केलं. हॉल आणि नॉट मात्र जुन्या मतावर राहिले, फेब्रुवारी 1813 ला मुंबईत आले आणि मराठी मिशन सुरू झालं. तेच 1831 ला नगरला पोचलं. त्या जहाजावर हॉलचंही मत फिरलं असतं तर तू आज सॅमच्या जागी असतास.

सुधाकर काका: हे मला कुणी कधी सांगितलं नाही.

पण मग खरं बोलतो. मला अर्पणाचं दुःख नाही. कॉलेजात असताना हा लोणावळ्याच्या कॅम्पात जाऊन पुन्हा बुडून आला. आण्णांनी मांडीवर घेऊन जो बाप्तिस्मा करवला तो काय होता मग? आंघोळ? इफिसकरांस 4:5, एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एक मेसेज आला आणि डिलीट झाला.)

सॅम: काका, आण्णांचा अपमान करायचा नव्हता. मला तेव्हा वाटलं की मी पहिल्यांदाच घेतोय. प्रेषित 19 मध्ये इफिसच्या शिष्यांनी पुन्हा घेतलाच ना.

रूथ आत्या: तो योहानाचा बाप्तिस्मा होता सॅम, येशूच्या नावाचा नव्हता. ते उदाहरण तुला लागू होत नाही, इथे मी दादाच्या बाजूने. 1982 साली लीमाला जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाचं एकमत झालं तेही असंच. बाळपणीचा असो की मोठेपणीचा, दोन्ही मानावेत, पण पुन्हा बाप्तिस्मा दिल्यासारखं दिसेल असं काही करू नये. अर्थात पुन्हा घेणारा म्हणतो पहिला बाप्तिस्माच नव्हता, म्हणून हा दुसरा नव्हेच. तिथे गाडं अडतं ते अडतंच.

कृपा: मी बोलू का? बाळ माझंही आहे.

आजी: बोल गं.

कृपा: काका, माझे पप्पा डहाणूचे, ब्रदरन मिशनच्या मंडळीतले. आमच्याकडे लेकराला मंडळीपुढे नेऊन आशीर्वाद देतात. मी दहावीच्या सुट्टीत बाप्तिस्मा घेतला. आणि आमची मंडळी सीएनआयमध्येच, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. तुमचीच. मी लग्नाच्या वेळी तुमच्या पाळकसाहेबांना दाखला दिला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही.

रूथ आत्या: दादा, 29 नोव्हेंबर 1970, नागपूर. सहा मंडळ्या एकत्र आल्या. अँग्लिकन, आपली युनायटेड चर्च, मेथडिस्ट, डिसायपल्स, आणि बॅप्टिस्ट व ब्रदरनसुद्धा. दोन्ही बाप्तिस्मे मान्य करूनच सीएनआय झाली. तू कमिटीवर आहेस.

सुधाकर काका: माहीत आहे. पण नगरमध्ये असं कुणी करत नाही.

रूथ आत्या: तेही एक शास्त्रच म्हणायचं.

कृपा: माझं म्हणणं असं. तुमच्याकडे बाळपणी पाणी आणि मोठेपणी दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वासाची कबुली. आमच्याकडे बाळपणी आशीर्वाद आणि मोठेपणी पाणी. दोन्हीकडे दोनदा मंडळीपुढे उभं राहायचं आहे. मी तिला आत्ता बाप्तिस्मा देणार नाही, हे माझं आणि सॅमचं ठरलंय. पण अर्पण फेलोशिपमध्येच व्हायला हवं असा माझा हट्ट नाही. नगरला, आजींच्या मंडळीत करू. पाळकसाहेबांनीच प्रार्थना करावी.

सॅम: पास्टरना मी सांगतो.

आजी: मला प्रवास नाही, बरं झालं.

रेमंड भावोजी: आमच्यात गॉडपेरेंट असतात. अर्पणात ती जागा आहे का? मी तयार आहे.

सॅम: भावोजी, अजून एक वाद नको. जेवण वाढायला या.

सुधाकर काका: मी उद्या पाळकसाहेबांशी बोलतो. आशीर्वादाचा उपासनाक्रम आपल्या पुस्तकात आहे का तेही बघतो. एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो, मोठी झाल्यावर बुडवायचं म्हणाल तर आपल्या चर्चमध्ये टाकी नाही.

कृपा: डहाणूला समुद्र आहे काका.