पाणी आणि समाज: पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विषयाकडून प्रश्नाकडे कसे न्यावे?

प्रवराकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका ग्रामीण महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. पीएच.डी.ची मार्गदर्शक म्हणून मला गेल्या वर्षी मान्यता मिळाली. माझ्याकडे आलेल्या तिघाही विद्यार्थ्यांना पाण्यावरच काम करायचे आहे. तिघेही कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या घरांतले असल्याने ते स्वाभाविकच आहे. एकाच्या वडिलांची शेती तर चारीच्या (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या) अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. मात्र तिघांचेही आराखडे समितीकडून 'विषय व्यापक आहे' एवढ्या एकाच शेऱ्यासह परत आले. एकाने 'जिल्ह्यातील पाणीप्रश्नाचा समाजशास्त्रीय अभ्यास' असे शीर्षक दिले होते. आम्ही जिल्ह्याच्या जागी तालुका घातला, उद्दिष्टे सातावरून पाचावर आणली, प्रश्नावली दोनशे जणांना द्यायचे ठरवले, तरी आराखडा वाचताना मला स्वतःलाच कळेना की या मुलाला नेमके काय शोधून काढायचे आहे. आपण विद्यार्थ्यांना या टप्प्यातून कसे बाहेर काढता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त शाखाधिकारी

मॅडम, मी संशोधक नाही. पाटबंधारे खात्यात बहुतेक नोकरी कालव्यावर काढली. तेव्हा माझे म्हणणे त्या बेताने घ्यावे.

विद्यार्थ्याला तालुका देऊ नका, एक चारी द्या, आणि आराखड्याचा पहिला शब्द लिहिण्याआधी ती मुखापासून टेलपर्यंत पायी चालायला लावा. त्यानंतर त्याने शाखा कार्यालयात बसून तीन कागद पाहावेत: शेतकऱ्याने भरलेला नमुना नंबर ७चा पाणी अर्ज, शेजपाळीचा कार्यक्रम (कोणी कधी पाणी घ्यायचे त्या पाळ्यांचे वेळापत्रक) आणि विनापरवाना पाणी घेतल्याचे पंचनामे. शेजपाळीचा नियम असा की पाळी टेलकडून सुरू होऊन मुखाकडे यावी, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला आधी पाणी मिळावे. प्रत्यक्षात वरच्याची दारे आधी उघडतात. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे 'टेलला पाणी पोहोचत नाही' हा काही प्रबंधाचा निष्कर्ष होऊ शकत नाही. पण एखाद्या वर्षी एखाद्या चारीवर ते नेमके पोहोचते, आणि तेव्हा कोण कोणाशी बोललेले असते, कोणाचा शब्द चालतो, पाटकरी (चारीवर पाणी वाटणारा खात्याचा माणूस) कोणाच्या ओट्यावर चहा घेतो, हे माझ्या सगळ्या नोकरीत कोणी विचारायला आले नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. 'क्षेत्रकार्य: सहा महिने' असे लिहिलेले आराखडे मी पाहिले आहेत. आमचे सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होते, रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरपासून आणि उन्हाळी १ मार्चपासून धरतात, आणि किती आवर्तने (कालव्याला पाणी सोडण्याच्या फेऱ्या) सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर कळते. मुलगा दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या दिवसांत गेला, तर त्याला रिकामी चारी आणि ऐकीव गाऱ्हाणी एवढेच मिळेल.

दप्तरखाना

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मात्र चारी निवडली म्हणजे प्रश्न मिळाला असे होत नाही. मी इतिहास शिकवतो आणि विद्यार्थ्यांना पहिल्याच बैठकीत महाडच्या तारखा फळ्यावर लिहून दाखवतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला, डॉ. आंबेडकर आणि सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्यायले २० मार्च १९२७ रोजी, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. 'महाडचा सत्याग्रह' हा विषय झाला. ठराव होऊनही पाणी ओंजळीत यायला इतका अवधी का लागला, आणि तळे नगरपालिकेचे की खासगी, वगळण्याची वहिवाट खरोखर अनादी होती का, असले वाद न्यायालयात का लढवले गेले, हा प्रश्न झाला. त्याला उत्तर असू शकते आणि ते चुकीचेही ठरू शकते. ज्याचे उत्तर चुकूच शकत नाही, असा आराखडा मी परत करतो.

आपण प्रवराकाठी आहात म्हणून आणखी एक सुचवतो. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा केलेला अभ्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याच कालव्यावर असे काम झालेले असताना आराखड्यातील 'पूर्वसंशोधनाचा आढावा' इंटरनेटवर सापडलेल्या दहा लेखांवर भागवला जातो, याचे मला नेहमी वाईट वाटते. आणि जुनी कागदपत्रे वापरणार असे लिहिण्याआधी विद्यार्थ्याला मोडी वाचता येते का, तेवढे विचारून घ्यावे.

तिसरे वर्ष

मी स्वतः सध्या पाण्यावरच पीएच.डी. करते आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडते. चारीपासून सुरुवात केली की अभ्यासात फक्त खातेदार येतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो नमुना नंबर ७ भरत नाही, म्हणजे कार्यालयातल्या त्या तीन कागदांपैकी पहिल्या दोनांत त्याचे नावच नसते. माझ्या क्षेत्रकार्यात रात्रीच्या पाळीला दारे धरायला, म्हणजे शेतात पाणी वळवायला, अनेकदा बाई उभी असते, पण अर्ज नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाचा असतो. सुरुवातीला मी यादीवरून मुलाखती घेतल्या आणि चार महिन्यांनी लक्षात आले की पाणी देणाऱ्या माणसाशी मी बोललेलेच नाही. सगळी प्रश्नावली पुन्हा करावी लागली.

पाणी जमिनीलाच बांधलेले असावे असे काही नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला सुरू केलेल्या पाणी पंचायतीत वाटा माणशी ठरत असे, भूमिहीनालाही तो होता आणि उसाला मनाई होती. विद्यार्थ्याला हे उदाहरण दिले की त्याला आपल्या चारीवरचा नियम 'नैसर्गिक' वाटेनासा होतो.

पंचनाम्यांविषयी एक काळजी वाटते. पाटावर मोटार टाकणारा शेतकरी विश्वासाने सारे सांगतो. प्रबंधात चारीचा क्रमांक आणि गावाचे नाव दिले, तर त्याला ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही. नावे कशी झाकणार, हे आराखड्यातच लिहिलेले असावे.

प्रवराकाठ

आपणा सर्वांचे आभार. टेलच्या शेतकऱ्याच्या मुलाला काल हे सारे वाचायला दिले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की वडील पाणी अर्ज दरवर्षी भरतात, पण पाणी मात्र शेजारच्या विहीरवाल्याकडून विकत घेतात. मी विचारले, 'मग अर्ज कशाला भरतात?' त्याला सांगता येईना. आता आम्ही आराखड्याचे पहिले वाक्य तेच केले आहे: पाणी मिळणार नाही हे ठाऊक असलेला शेतकरी पाणी अर्ज का भरतो? दोनशे जणांची प्रश्नावली रद्द करून एकाच चारीवरची घरे घेतली आहेत, आणि त्यांत भूमिहीन घरे व दारे धरणाऱ्या स्त्रियाही आहेत. समितीला हे पुरेसे 'समाजशास्त्रीय' वाटेल का, याची मला अजून धास्ती आहे.

निवृत्त शाखाधिकारी

अर्ज का भरतात याची दोन-तीन कारणे मला माहीत आहेत, पण मी ती इथे लिहीत नाही. मुलाला शोधू द्या. रब्बीचे पहिले आवर्तन चुकवू नका आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची तारीख शाखा कार्यालयात आधीच विचारून ठेवा. टेलची पाळी बहुधा रात्री येते, तेव्हा सोबत बॅटरी आणि एक जोडीदार हवा; चारीकाठची वाट त्या दिवसांत निसरडी असते.