मदत हवी आहे: कमी ऐकू येणाऱ्या बाबांना सगळ्यांसोबत हसता येईल असे विनोदी सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहून राहिले पण पूर्ण वाचा प्लीज, कारण नुसतं "आजवरचे सगळ्यात भारी विनोदी सिनेमे सांगा" म्हटलं की जी यादी येते ती मला पाठ आहे. बनवाबनवी, गोलमाल, हेरा फेरी, अंदाज अपना अपना, सगळे माझे लाडके आहेत, अन् तरी या वेळी माझं काम त्यांनी होत नाहीये.

बाबा या मे महिन्यात ७५ वर्षांचे होतात. दादा-वहिनी पोरांना घेऊन पुण्याहून येतील, दोन्ही आत्या येतील, शेजारचे धरून वीसेक माणसं. हॉल, स्टेज, शाल-श्रीफळ असलं काही त्यांना नको, मग आम्ही ठरवलं की संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या, भिंतीला पांढरी चादर ताणून बांधायची अन् प्रोजेक्टर लावून सिनेमा बघायचा. बाबांसाठी याहून मोठा सत्कार नाही. मिलची पहिली पाळी सुटली की सायकल काढून सरळ बर्डीच्या थेटरात, आईला सांगायचे ओव्हरटाइम होता. अन् त्यांना विनोदीच सिनेमा लागायचा. आम्ही लहान असताना थेटरात ते इतक्या जोरात हसायचे की पुढच्या रांगेतले लोक मागं वळून बघायचे अन् मग तेही हसायला लागायचे.

आता अडचण. बाबा २६ वर्षं मिलमध्ये लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. ज्यांनी ते खातं आतून पाहिलंय त्यांना सांगायला नको, बाजूला उभ्या माणसाचा आवाज येत नाही, सगळं बोलणं ओठ अन् हात बघून चालायचं. कानात कापसाचा बोळा घालायचीसुद्धा तेव्हा कोणाला अक्कल नव्हती. मिल बंद पडली, आवाज संपला, पण कान गेले ते गेलेच. आता दोन्ही कानांना मशीन आहे. कानाच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की अशा बहिरेपणात बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ, त असली अक्षरं गळतात अन् स्वर तेवढे पोचतात. म्हणून माणूस बोलतोय हे त्यांना कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला तर जे ऐकू येतं तेच मोठं होतं, बाकी तसंच. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा, कूलर चालू असला की मशीन त्या कूलरची घरघरही मोठी करून कानात ओतते, मग ते मशीन काढून खिशात टाकतात.

मागच्या दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा बनवाबनवी लावला. १९८८ पासून आमच्या घरात तो सिनेमा सणासारखा आहे, बाबांना अर्धे संवाद तोंडपाठ. मला वाटलं पाठ आहे म्हटल्यावर ऐकू नाही आलं तरी चालेल. पण विनोद तसा चालत नाही हो. मी त्यांच्या बाजूलाच बसले होते. मान टीव्हीकडे, हात मांडीवर, अन् डोळे मात्र दादाच्या चेहऱ्यावर. दादा हसला की मग बाबा हसायचे. प्रत्येक वेळी एक श्वास उशिरा. अर्ध्या तासानं "झोप आली" म्हणून उठले अन् आतल्या खोलीत जाऊन अंधारात बसले, झोपले नव्हते. ते मला विसरता येत नाही.

म्हणून मला असे सिनेमे हवेत ज्यात हसू डोळ्यांनी येतं, अन् बाबांना ते आमच्यासोबत, त्याच क्षणी येतं. मी माझ्या परीनं यादी चाळली. 'चुपके चुपके' पूर्ण भाषेवर उभा आहे, शुद्ध हिंदी ऐकूच आली नाही तर काय उरलं. 'गोलमाल'मध्ये मिशीचा प्रकार दिसतो पण उत्पल दत्तचा खरा मजा त्याच्या बोलण्यात. 'हेरा फेरी'त बाबूरावचं धोतर अन् जाड चष्मा पाहून थोडं हसू येईल, पण बाकी सगळं बोलण्यात. सबटायटल बहुतेक इंग्रजीत असतात, बाबा मराठी-हिंदी झरझर वाचतात, इंग्रजी नाही.

अजून एक, दादाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे अन् भाची तेरा, त्यांनाही आवडलं पाहिजे. दोन-अडीच तासांचं साहित्य सुचवा. कोणाच्या घरी असं माणूस असेल तर त्यांनी आधी लिहा.

———

बर्डीकर:
ताई, वाचून गलबलून आलं. 'पुष्पक' लावा, १९८७ चा, कमल हासन आणि अमला. पूर्ण सिनेमात एकही संवाद नाही. मुका जमाना संपून पन्नासेक वर्षं झाल्यावर सिंगीतम श्रीनिवास राव यांनी मुद्दाम बिनसंवादाचा काढला. बेकार पोरगा एका दारुड्या श्रीमंताला उचलून आणतो अन् त्याच्या जागी पंचतारांकित हॉटेलात राहतो एवढीच गोष्ट. टिनू आनंदचा मारेकरी बर्फाचे सुरे घेऊन फिरतो अन् ऐन वेळी सुरा वितळतो, त्याला कान लागतच नाही. गिफ्टच्या डब्यांचा जो प्रकार आहे त्यावर तुमचा भाचा लोळून हसेल, तो मी इथं फोडत नाही.
फक्त एक गोष्ट आधी बाबांना सांगून ठेवा. हिरो ज्या खोलीत राहतो तिथं थेटरचा आवाज येत असतो, त्याशिवाय त्याला हॉटेलात झोप येत नाही म्हणून तो आवाज टेप करून आणतो. हा विनोद कानाचा आहे. शेवटही थोडा हळवा आहे.

जुना_प्रेक्षक:
दादा कोंडके कसे काय विसरले तुम्ही? सोंगाड्या १९७१, पांडू हवालदार १९७५. ती ढगळी चड्डी अन् लोंबणारी नाडी, माणूस नुसता पडद्यावर आला तरी पब्लिक हसायचं. तुमच्या बाबांच्या वयाच्या माणसाले हेच आवडन. मी तर म्हणतो एवढं डोकं खपवायचं काहून, पडोसन लावा, 'एक चतुर नार' लागलं की मेहमूद अन् किशोरचे चेहरे बघूनच काम होते.

धागाकर्ती:
काका, पडोसनमधलं ते गाणं नक्की लावते, छान आठवण केली. १९६८ चा सिनेमा, बाबांनी तो लग्नाआधी पाहिलेला अन् गाण्यातला प्रत्येक चेहरा त्यांना माहीत आहे. पूर्ण सिनेमा मात्र नाही, मधला बोलण्याचा भाग लांब आहे. दादा कोंडक्यांचं म्हणाल तर अर्धा विनोद दोन अर्थांच्या शब्दात असतो, तो बाबांना ऐकू येणार नाही अन् पोरांना येईल, म्हणून नको.
पुष्पक पक्का. मी तो कधीच पाहिला नव्हता, काल रात्री एकटीनं बघितला, दोनदा मागं नेऊन बघितला.

सुनेचा_आयडी:
आमच्या सासऱ्यांचं अगदी हेच आहे म्हणून लिहिते. आधी मशीनचं. बहुतेक कंपन्यांची टीव्हीला जोडायची एक छोटी डबी मिळते, ती आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये सोडते, मधे कूलर नाही, बोलणारे लोक नाहीत. तुमच्या मशीनला कोणती चालते ते जिथून घेतलं तिथं विचारा. गच्चीवर कूलर नसणार ही फारच चांगली गोष्ट आहे. त्यांना पुढं अन् मधोमध बसवा, पण एकटं खुर्चीत नको. आमचे बाबा एकटे वेगळ्या खुर्चीत बसवले की त्यांना आपण पेशंट वाटतो. गादीवरच बसवा, लोडाला टेकून, दोन्ही बाजूला नातवंडं.
आता सिनेमा. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स', १९३६. तुमचे बाबा लूमवर होते म्हणालात ना, मग दुसरं काही शोधूच नका. कारखान्यात पट्ट्यावरून नट येत राहतात अन् हा पाना घेऊन आवळत राहतो, काम थांबलं तरी हात आवळतच राहतात. जेवायची सुट्टी वाचावी म्हणून मालकाला जेवण भरवायचं मशीन दाखवतात अन् ते चॅप्लिनवर लावून बघतात, मग ते मशीन बिघडतं. मक्याच्या कणसाचं जे होतं ते बघून आमचे सासरे तीन दिवस जेवताना हसत होते.

खसताटी:
वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. सोबत लॉरेल-हार्डीचा 'म्युझिक बॉक्स' घ्या, १९३२, अर्ध्या तासाचा. दोघं एक पियानो भल्यामोठ्या जिन्यावरून वर चढवतात, बस. पियानो खाली येतो, परत चढवतात. मार्चमध्ये माळ्यावरचा कूलर काढून ज्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवलाय त्या प्रत्येक नागपूरकराला तो सिनेमा कळतो. बोलपट आहे पण बोलणं सोडलं तरी काही बिघडत नाही.
'गोल्ड रश' घेणार असाल तर जपून, १९२५ चा मूळ मुका घ्या. १९४२ मध्ये चॅप्लिननं तो परत काढला तेव्हा मधे मधे येणाऱ्या लिहिलेल्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, तो तुमच्या कामाचा नाही.
आणि पाट्या इंग्रजीत असतात त्याचा उपाय सोपा आहे. सबटायटलची एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वेळेचे आकडे तसेच ठेवायचे, खालची ओळ खोडून मराठीत लिहायची, सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. फाइलचं नाव सिनेमाच्या नावासारखंच ठेवून एकाच फोल्डरमध्ये टाका. व्हीएलसी प्लेअरमध्ये अक्षर मोठं करा अन् पिवळं ठेवा, पांढऱ्या चादरीवर पांढरं अक्षर म्हाताऱ्या डोळ्यांना लागत नाही. मॉडर्न टाइम्समध्ये पाट्या थोड्याच आहेत, एका दुपारचं काम.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, बाबांना काही न सांगता टीव्हीवर मॉडर्न टाइम्सची पहिली वीस मिनिटं लावून पाहिली. आई भाजी निवडत होती, मी अन् हे सोफ्यावर. कूलर बंद केला, घाम आला तर आला.
भरवायच्या मशीनवर आम्ही सगळेच हसलो, पण बाबा आधीच हसले होते. पट्ट्याजवळून बाजूला झाल्यावरही चॅप्लिनचे हात झटके देत राहतात ना, तिथं आम्हाला अजून काही कळलंही नव्हतं अन् बाबांनी मांडीवर थाप मारली. जुनं हसू, थेटरातलं. मग आईकडे वळून उजवा हात पुढं करून दाखवला अन् म्हणाले, "रविवारी माझा असाच चालायचा, आठवते का तुले?" आई म्हणाली हो, झोपेत सूत जोडायचे तुम्ही. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मग सिनेमा थांबवून त्यांनी तुटलेला धागा कसा धरायचा, दोन बोटांत कशी गाठ मारायची ते मला करून दाखवलं, भाजीच्या जुडीचा दोरा घेऊन. बोटं अजून तशीच चालतात, माझ्या डोळ्याला गाठ दिसली पण नाही.

सुनेचा_आयडी:
वाचून फार बरं वाटलं. त्याच सिनेमाच्या शेवटाकडं एक गाणं आहे, त्याबद्दल सांगायचं राहिलं होतं. चॅप्लिनला हॉटेलात गाणं म्हणायचं असतं, शब्द पाठ होत नाहीत म्हणून ते शर्टाच्या कफवर लिहून घेतो, अन् स्टेजवर येताच हात झटकतो तर कफच उडून जातो. मग तो वाट्टेल ते अर्थ नसलेले शब्द जोडून गातो अन् पूर्ण गोष्ट हातांनी, मिशीनं, डोळ्यांनी सांगतो. पडद्यावर त्याचा आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो हाच. त्यातला एकही शब्द तुम्हाला कळणार नाही, मला कळला नाही, कोणालाच कळत नाही. त्या तीन-चार मिनिटांत गच्चीवरचे सगळे वीस जण अन् तुमचे बाबा अगदी एकाच जागी असतील. तिथं चुकूनही सबटायटल टाकू नका.

धागाकर्ती:
नाही टाकणार. हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.
तर ठरलं असं: उजेड पूर्ण गेला की साडेसातला म्युझिक बॉक्स, तोवर आत्या येतील. मग मॉडर्न टाइम्स पूर्ण, मधे सांबारवडी अन् मठ्ठा, अन् शेवटी एक चतुर नार. पुष्पक दुसऱ्या दिवशी घरच्या घरी, तो दोन तासांचा आहे अन् पोरं त्या रात्री जागू शकणार नाहीत. डबीचं विचारलं, आमच्या मशीनला चालते, मिळाली तर ठीक, नाही मिळाली तरी या यादीला अडत नाही.
पाट्यांची मराठी मी काल रात्री सुरू केली. एक अडलंय, ते कोणी सांगा: मालक कारखान्यातल्या पडद्यावरून "पट्ट्याचा वेग वाढवा" म्हणून हुकूम सोडतो, तो बोलतो, पाटी नाही येत. तिथं मी एक ओळ टाकू का? बाबांना विचारलं तर कळून जाईल काय चाललंय म्हणून विचारलं नाही. मिलमध्ये असा हुकूम कोण कसा द्यायचा, त्याला काय शब्द होता, कोणाच्या घरी लूमवरचं माणूस असेल तर विचारून सांगा ना. तोच शब्द लिहायचा आहे मला.