'व्हीगन'ला मराठीत काय म्हणायचं?

पिंपळपान
एका प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. व्हीगन आहार, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणं, घेणाऱ्यांना लोक कुतूहलाने जे विचारतात, म्हणजे प्रथिनं कुठून मिळतात, मध का चालत नाही, थकवा येत नाही का, त्याची साधी उत्तरं. उत्तरं झाली, पण पहिल्याच ओळीत अडले आहे. मी 'वनस्पत्याहारी' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'शुद्ध शाकाहारी' केलं. मला हे साफ चूक वाटतं. शुद्ध शाकाहारी म्हटलं की दूध, दही, लोणी आलंच. मी स्वतः सहा वर्षं यातलं काही खात नाही. 'मी शाकाहारी' असं सांगितल्यावर समोर दुधाचा पेला आला, असं किती वेळा झालंय ते मोजणं सोडून दिलं. शब्द सुचवा.

अर्धविराम
बाईंचा शब्द चूकच. 'निरामिष'ही चालणार नाही, कारण आमिष म्हणजे मांस, त्याने दूध बाद होत नाही. शिवाय गळाला लावायच्या मांसावरून आमिष म्हणजे 'प्रलोभन' हाच अर्थ आता मराठीत उरलाय. 'वनस्पत्याहारी' संधीच्या दृष्टीने निर्दोष आहे. तोच ठेवा.

खडूफळा
निर्दोष असेल, पण तोंडात बसत नाही. सरळ 'व्हीगन' लिहा. इंग्रजीतही तो घडवलेलाच शब्द आहे. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांना हीच अडचण आली. 'व्हेजिटेरियन'मध्ये दूध-अंडी धरली जायची, म्हणून त्यांनी त्याच शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडली. 'डेअरीबॅन', 'बेनिव्होर' अशीही नावं तेव्हा पुढे आली होती, ती मागे पडली.

ओलीमाती
मग तीच युक्ती मराठीत करू. शाकाहारीचा 'शा' आणि शेवटचा 'री' घ्या: 'शारी'. मनापासून सुचवतेय. लहान आहे, लिंगभेद नाही, आणि 'व्हीगन, व्हिगन की वेगन' हा घोळही मिटतो.

अर्धविराम
'शारी' ऐकून कुणाला काय कळणार? शब्दाला अर्थ चिकटलेला हवा. फार तर 'दुग्धवर्जित आहार' म्हणा.

पिंपळपान
दुधापुरता शब्द नको, मध आणि अंडी राहतात. त्यात 'दूध नाही' या शब्दांवर माझा विश्वासच उरलेला नाही. कॉफीत घालायच्या एका पुडीवर मोठ्या अक्षरांत 'नॉन-डेअरी' छापलेलं होतं. दोन महिने वापरली. एकदा उन्हात धरून मागची बारीक अक्षरं वाचली, तर त्यात सोडियम केसिनेट. केसीन हे दुधातलंच प्रथिन. फार वाईट वाटलं.

धूळपाटी
तुम्ही सगळे आहारातच अडकलात. लोकर, रेशीम, चामडंही हे लोक शक्य तितकं टाळतात. ड जीवनसत्त्वाच्या पुष्कळशा गोळ्या लोकरीतल्या चरबीपासून बनतात, तेही पाहतात. काय खातो यापेक्षा काय वापरत नाही, यावर हा शब्द उभा आहे. म्हणून 'प्राणीजवर्जक'.

अर्धविराम
'प्राणिजवर्जक'. मूळ शब्द प्राणिन्, समासात णि ऱ्हस्व. प्राणिसंग्रहालय आठवा.

धूळपाटी
ऱ्हस्व मान्य. मुद्द्यावर बोला. सोयाच्या पेयाला 'दूध' म्हणायचं का, हेही पुस्तिकेत येणारच. दूध प्राण्याचंच, असं माझं मत.

खडूफळा
2017 साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने असाच निकाल दिला: वनस्पतिजन्य मालाला विकताना दूध, लोणी, चीज म्हणायचं नाही. नारळाच्या दुधासारखे रुळलेले अपवाद ठेवले. पण मराठीला ही भिंत मुळातच ठाऊक नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईचाही चीक आणि पान तोडल्यावर देठातून ठिबकतो तोही चीक. लहानपणी हातावर पडून तो काळा पडायचा, आजी राखेने घासून काढायची. दोन्हींना एकच शब्द देणारी भाषा 'सोयाचं दूध' म्हणताना का लाजेल?

ओलीमाती
विषय निघालाच आहे तर विचारते. माझी मुलगी वर्षभर व्हीगन आहे. बी-12चं काय?

पिंपळपान
ताई, हे मात्र हलक्यात घेऊ नका. बी-12 वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत, ते जिवाणू बनवतात. प्रौढाला दिवसाला जेमतेम 2.4 मायक्रोग्रॅम लागतं. यकृतात साठा असतो, म्हणून कमतरता कधी कधी काही वर्षांनी उघडी पडते: तळपायांना मुंग्या, तोल जाणं, रक्तक्षय. गोळी किंवा बी-12 घातलेले पदार्थ नियमित हवेतच. मुलीची रक्ततपासणी करून घ्या.

ओलीमाती
या महिन्यातच करते.

धूळपाटी
'वनस्पत्याहारी'बद्दल राहिलं. जुन्या संस्कृतात वनस्पती म्हणजे फूल न येता फळ धरणारी झाडं: वड, उंबर. शब्दशः घेतलं तर नुसतं उंबर खाणारा!

खडूफळा
आणि उंबरात किडे असतात. अंजिराच्या कित्येक जातींत परागण करणारी बारीक गांधीलमाशी आत शिरून तिथेच मरते, म्हणून काही व्हीगन अंजीर टाळतात. बाजारातल्या बऱ्याच अंजिरांना मात्र परागण लागतच नाही.

अर्धविराम
पण 'फूल न येता' हे चूक. उंबराला फुलं येतात, शेकड्यांनी येतात, ती फळाच्या आत तोंड करून असतात. फळ उभं कापून भिंगाखाली बघा.